शुक्रवारची संध्याकाळ

घोडेगावचा शुक्रवार आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. म्हशींचा बाजार. नगर-औरंगाबाद रस्त्याला पहाटेपासून टेम्पो लागायचे, आजही लागतात. आता दोन्ही गावांची नावं बदलली. बाजारकरी मात्र अजून जुनीच घेतात. मला आठवतो तो बाजार उपरण्याखालचा होता. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे आणि चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाहीत. शेजारी उभा असलेल्याला म्हैस केवढ्याला गेली ते कळायचं नाही. सौदा बसला की उपरणं झटकलं जायचं, दावं या हातातून त्या हातात जायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "चला."

कुठं, ते विचारायची गरज नसायची. म्हैस विकलेल्याला गोठा रिकामा झाल्याचं दुःख, घेतलेल्याला दुभतं दारात आल्याचा आनंद आणि दलालाला दोन्हीकडची दलाली. तिघांनाही कारण असायचं. ओढ्याकडेला हातभट्टी होती, सडवलेला गूळ आणि नवसागराची. रस्त्याला सरकारमान्य देशी होती. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. उसामागून मळी आली, मळीमागून मद्यार्क आला. तालेवार कारखान्यांच्या सावलीत गरिबाची बाटलीही मोठी झाली, हे आमच्याकडच्या भाषणांत कुणी बोलत नाही. कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतो, ही बातमी तर घोडेगावात अजून पोचायची आहे.

आज त्याच बाजारात मोबाईलवाली पोरं म्हशीचा भाव कॅमेऱ्यापुढं मोठ्यानं विचारतात आणि संध्याकाळपर्यंत तो भाव साताऱ्याच्या माणसालाही कळतो. पैसे फोनवरून जातात. कांद्याच्या लिलावात पट्टी हातात पडली की खळ्यावरच हिशोब होतो. उपरणं गेलं. "चला" मात्र राहिलं. फक्त ओढ्याऐवजी आता हायवेच्या परमिट रूमकडं. हायवेपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करा, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं तेव्हा रस्त्याकडेच्या गावांत काही महिने बरीच धावपळ झाली, दारं मागच्या बाजूला काढण्यापर्यंत अक्कल लढवली गेली. पुढं अटी सैल झाल्या आणि सगळं जागच्या जागी आलं.

पिण्याचं हे असं होतं आणि आहे. मला लिहायचंय ते सोडण्याबद्दल. कारण फरक पडला आहे तो त्यात.

आमच्या लहानपणी गावात कोण पितो याची मोजदाद कुणी ठेवत नव्हतं. कुणी सोडली, हे मात्र सगळ्या गावाला माहीत असायचं. सोडण्याची जागा ठरलेली होती : हरिनाम सप्ताह. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगात आलं की महाराज थांबायचे आणि विचारायचे, आज माळ कोण घालतंय? मांडवात चुळबूळ व्हायची. बायकांच्या बाजूनं कुणाची तरी आई, कुणाची तरी कारभारीण नजरेनं ढकलायची, आणि एक माणूस मान खाली घालून उठायचा. महाराज तुळशीची माळ गळ्यात घालायचे, मृदंगावर थाप पडायची, गजर व्हायचा. बायका पदरानं डोळे पुसायच्या. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असायचं की अमक्यानं माळ घातली. त्यानंतर तो गुत्त्यावर गेलाच, तर गुत्तेवालाच म्हणायचा, "गळ्यात माळ दिसतीय, जावा घरी." मला त्या व्यवस्थेचं आजही कौतुक वाटतं. दारू विकणारा माणूसही त्या माळेला भ्यायचा. आज बिलाला भितात, कॅमेऱ्याला भितात.

माझे धाकटे चुलते, नाना, यांनी अशीच माळ घातली. नाना बैलांचे पारखी. दात न बघता वय सांगायचे. बाजारात त्यांचा शब्द चालायचा आणि त्यामुळंच प्रत्येक सौद्यानंतरचं पहिलं "चला" त्यांना असायचं. काल्याच्या दिवशी माळ घातली, पंगतीत सगळ्यांना वाढलं, रात्री जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी नुसते बसून राहिले. तिसऱ्या रात्री अंथरुणात उठून भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. हात एवढे थरथरत होते की तांब्या तोंडाला लागेना, अंगावरची बंडी घामानं पिळून काढावी अशी झालेली. काकीनं कंदील जवळ नेला तर ते कंदिलालाच घाबरले.

आजीचा निकाल तयार होता : देवीचं काहीतरी राहिलंय. घोडेश्वरीला नारळ गेला, देवऋषी आला, लिंबू उतरून तिठ्यावर टाकला गेला. चौथ्या दिवशी कुणा शहाण्यानं सुचवलं, घोटभर द्या. दिली. तासाभरात मुंग्या गेल्या, हात थांबले, नानांनी भाकरी मागितली. माळ खुंटीला गेली. आणि गावाचं मत पक्कं झालं की नानांना दारूशिवाय जगणं नाही, त्यांच्या रक्तातच आहे ती.

देवीचं काही राहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चाललेला असतो. ती एकदम तोडली की पुढच्या दोन-चार दिवसांत हातपाय कापतात, घाम फुटतो, फिट येते, नसलेलं दिसायला लागतं. उपचार मिळाले नाहीत तर माणूस जाऊही शकतो. आता दवाखान्यात काही दिवस गोळ्या देऊन आणि थायमिन देऊन हे दिवस अलगद पार करतात. त्या काळी हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. माळ घालणाऱ्यांपैकी किती जणांचा निश्चय खोटा होता आणि किती जणांचं शरीर तिसऱ्या रात्री बिथरलं होतं, याचा हिशोब आता लागायचा नाही. गावानं सगळ्यांना एकाच खात्यात टाकलं : शब्दाला न जागलेला.

काकीनं मग दुसरा मार्ग धरला. बाजारात पुड्या मिळायच्या. कळू न देता आमटीत कालवा, दारूचा वीट येईल. पुडीत काय असायचं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. यामागं खरं औषधही एक आहे, डायसल्फिरम. १९४०च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ते स्वतःवर तपासत होते आणि त्यांना दारूचा घोट सोसेना, तेव्हा त्याचा हा गुण कळला. ते पोटात असताना प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पिणाऱ्याला सांगून दिलं तर उपयोगी. आमटीतून चोरून दिलं तर जिवावर बेतणारं. आमच्या आळीत आमटीतला हा प्रयोग किती घरांत झाला असेल कोण जाणे. बायका एकमेकींना पुडीचा पत्ता ओट्यावर कुजबुजत सांगायच्या. दारूबद्दल मदत शोधायची म्हणजे एवढंच होतं : महाराज, देवऋषी, पुडी. आणि ते शोधायचीसुद्धा बाईच. पिणाऱ्यानं स्वतः उठून कुणाला विचारलंय, मला सोडायचीय, कुठं जाऊ, असं मी तरी ऐकलेलं नाही.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, ते गेल्यानंतर. नाटक सगळ्यांना आठवतं ते सुधाकर आणि सिंधूसाठी. मला त्यातलं आर्य मदिरा मंडळ जास्त बोचतं. पिणाऱ्यांचं रीतसर मंडळ आहे, सभासद आहेत, तळीराम आहे, वादविवाद आहेत, हास्यविनोद आहे. सुधाकर सोडायला निघतो तेव्हा मात्र एकटा असतो. शपथ घेतो, नोकरीसाठी दारोदार जातो, अपमान गिळतो आणि परत तिथंच जातो. त्याला सोडण्यासाठी मंडळ नव्हतं. गडकऱ्यांना हे दिसलं होतं की नाही ठाऊक नाही, पण नाटकात ते ढळढळीत आहे.

आमच्या जिल्ह्यानं आणखी एक उपाय करून पाहिला, आणि त्यासाठी तो देशभर गाजला. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून राळेगणसिद्धीला परतले. गावात भट्ट्या चालत होत्या. मंदिरात ठराव झाले, भट्ट्या मोडल्या आणि न ऐकणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले गेले. अण्णांनी हे कधी लपवलं नाही. त्या खांबाचं आमच्याकडं पारावर फार कौतुक व्हायचं. "आपल्याकडंबी एक खांब पायजे," असं पिऊन आलेला माणूसही म्हणायचा. राळेगण बदललं हे खरं. त्यामागं पाणी होतं, शाळा होती, हाताला काम होतं. पुढं हिवरे बाजारनंही नशाबंदी केली, तीसुद्धा पाणलोट आणि श्रमदानाला जोडून. पण खांबाला बांधलेल्या माणसाचं पुढं काय झालं, हे विचारायला पारावरचं कुणी गेलं नाही. मला तो खांब कधीच आवडला नाही. नानांना त्या खांबाला बांधलेलं मी मनात पाहिलंय, आणि त्यांच्या तिसऱ्या रात्रीच्या मुंग्याही.

पुढं बायकांच्या हाती मत आलं. २००८च्या सरकारी आदेशानं गावातल्या महिलांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येऊ लागलं; उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक आडवीला गेल्या की दुकानाला कुलूप. हे मोठं काम झालं. पण दुकान बंद झालं तरी तहान शेजारच्या गावापर्यंत चालत जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत आमच्यापासून जवळच, पांगरमलला विषारी दारूनं माणसं गेली. त्या आठवड्यात घोडेगावात कुणी प्यायलं नाही, असं म्हणतात. पुढच्या शुक्रवारी प्यायले.

नानांची गोष्ट खुंटीवर थांबली नाही. काही वर्षांनी त्यांनी दुसऱ्यांदा माळ घातली, आणि ती शेवटपर्यंत राहिली. घरात याचं श्रेय विठ्ठलाला दिलं गेलं, आजीनं स्वतःच्या उपासांना दिलं. मला वाटतं श्रेय दोन माणसांना जातं. एक कांदा मार्केटात हमाली करायचा, दुसऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघेही नानांच्या आधी सोडलेले. त्या वर्षी तिघं मिळून दिंडीत चालले, परत आले, आणि मग रोज दिवेलागणीला ते दोघे आमच्या दारात उभे राहायचे. "नाना, चला." बाजारातलाच शब्द. मारुतीच्या देवळात हरिपाठ व्हायचा. नानांचा टाळ कायम अर्धी मात्रा मागं. हरिपाठ झाला तरी तिघं पायरीवर बसून राहायचे, नऊ-साडेनऊपर्यंत. काय बोलायचे कोण जाणे. मी पोरगा, जवळ गेलो की विषय बदलायचे. शुक्रवारी तर ते दोघे चार वाजताच यायचे, बाजार उठायच्या आधी.

पिण्याची वेळ संध्याकाळची असते. ती संध्याकाळ कुणी घेतली तर माणूस उभा राहतो. आमच्याकडं ती देवळाच्या पायरीनं घेतली होती, आणि आम्ही समजत राहिलो की काम माळेनं केलं.

त्या पायरीवर आता संध्याकाळी कुणी नसतं. हरिपाठ होतो, स्पीकरवर, रेकॉर्ड लावून. देऊळ मोठं झालं, फरशी आली, सभामंडप आला, कळसाला रोषणाई आली. माणसं घराघरांत मालिका आणि मोबाईल बघतात. ही तक्रार म्हातारा झालेला प्रत्येक जण करतो हे मला माहीत आहे, तरी करतो. कारण माझ्या पुतण्यावर नानांसारखीच वेळ आली तेव्हा त्याच्या दारात "चला" म्हणायला गावातलं कुणी आलं नाही. आले ते प्यायला बोलावणारेच.

त्यानं शोधलं फोनवर. एकट्यानं, रात्री, पांघरुणात. यात नानांच्या काळापेक्षा केवढा फरक आहे बघा : विचारणारा स्वतः पिणारा होता, आणि विचारल्याचं घरातही कुणाला कळलं नाही. पण फोन म्हणजे बाजारच. पहिल्या पानभर जाहिराती. हमखास मुक्ती, न कळवता घरून घेऊन जाऊ, एवढे महिने एवढे हजार. व्यसनमुक्ती केंद्रं चांगलीही असतात, पण पेशंटला कोंडून मारल्याच्या बातम्याही आपण वाचलेल्या आहेत; पुड्या विकणाऱ्यांचे नातू आता वेबसाईट चालवतात. सरकारी मदतवाणीचा १४४४६ हा फुकटचा नंबर त्याला बराच खाली सापडला. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचाही आहे. त्याच्याखाली एका ओळीत ए.ए. लिहिलेलं, एक मोबाईल नंबर, आणि कुठली फी नाही एवढंच.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची निनावी संघटना. तिचा जन्म कसा झाला ते वाचलं तेव्हा मला अमेरिकेतलं ते गाव घोडेगावच वाटलं. मे १९३५. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल एका हॉटेलात उभा. सौदा फिसकटलेला, खिशात फारसं काही नाही, सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि एका टोकाला बार भरात आलेला. तो दुसऱ्या टोकाच्या फोनकडं गेला आणि तिथं लावलेल्या यादीतल्या पाद्रींना नंबर फिरवू लागला : मला बोलायला एक दारुडा पाहिजे. उपदेशक नको होता, डॉक्टर नको होता. मिळाला तो डॉक्टरच निघाला, बॉब स्मिथ नावाचा सर्जन, पण पिणारा. दोघे तासन्‌तास बोलत बसले. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, ए.ए. आपला स्थापना दिवस मानते. भारतात ती १९५७च्या मे महिन्यात मुंबईत सुरू झाली. म्हणजे नानांच्या तिसऱ्या रात्री मुंबईत असे लोक बसत होते, आणि त्यांच्या-आमच्यात अडीचशे किलोमीटरचं अंतर नव्हतं, पृथ्वी-चंद्राचं होतं. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला, उद्‌घाटन पु. लं.नी केलं. अवचटांच्या लेखणीमुळं तेव्हा कुठं आमच्यासारख्या वाचणाऱ्यांना कळलं की हा आजार आहे, आणि एकदा बरं होऊन येण्यापेक्षा नंतरची वर्षानुवर्षांची गाठभेट महत्त्वाची.

पुतण्यानं फोन लावला तर पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलला असेल? "मीपण पितच होतो, बोल." नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखव, एकदम तोडू नको, हेही त्यानंच सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या दारात हे एक वाक्य सांगणारा हवा होता.

आता तो आठवड्यातून मोटरसायकलवर पस्तीसेक किलोमीटर नगरला जातो. जाताना इमामपूरचा घाट ओलांडायचा आणि रात्री परत येतानाही. गावात सांगतो, एका क्लासला जातो. घोडेगावात निनावी राहणं अशक्य. इथं कुणाच्या म्हशीला कितवं वेत आहे ते ठाऊक असतं, तिथं माणूस कुठं लपणार. नानांचं कुलूप सगळ्या गावाला माहीत असण्यात होतं. याचं कुलूप कुणालाच माहीत नसण्यात आहे.

मला त्यानं एकदा नेलं. काही बैठका सगळ्यांना खुल्या असतात, काही फक्त पिणाऱ्यांसाठी. ती खुली होती. शाळेचं नाव सांगत नाही. पहिलीचा वर्ग. भिंतीवर बाराखडी, 'म' पुढं मगर. बाकं एवढीशी की गुडघे हनुवटीला लागत होते, आणि त्यांवर बँकेतला माणूस, रिक्षावाला, एक निवृत्त फौजदार, एक कॉलेजातलं पोरगं. दारात चपला नीट ओळीत. स्टीलच्या किटलीत चहा, कागदावर पार्ले-जी. एकानं सुरुवात केली, मग एकेक जण आपलं पहिलं नाव सांगून, मी दारुडा आहे म्हणून, बोलत गेला. कापडी पिशवी फिरली. ज्याला जे जमेल ते टाकायचं, बाहेरच्या माणसाचा पैसा घेत नाहीत. मी नोट काढली तर शेजाऱ्यानं हळूच माझा हात खाली केला.

कोण काय बोललं ते लिहीत नाही. तिथलं तिथंच ठेवायचं असतं. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तासभर कुणी कुणाला उपदेश केला नाही. आमच्या गावात पाच माणसं जमली आणि त्यातल्या एकानंही दुसऱ्याला काय करावं ते सांगितलं नाही, असं कधी घडलेलं नाही. इथं महाराज नाही, अध्यक्ष नाही, बोलणाऱ्याला मधेच तोडणं नाही. आणि एक माणूस उठला, म्हणाला स्लिप झाली, परत आलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत आलास, यासाठी. नानांची पहिली माळ तुटली तेव्हा ते वर्षभर देवळासमोरून गेले नाहीत, मागच्या बोळानं जायचे. माळेच्या व्यवस्थेत उठून उभं राहायला एक दिवस होता, पडलेल्याला परत यायला एकही नव्हता. मला त्या मांडवाची, मृदंगाची, बायकांच्या डोळ्यांतल्या पाण्याची आठवण फार येते. पण नानांसाठी निवड करायची तर मी पहिलीच्या वर्गातलं ते बाकच घेईन.

हे नुसतं माझं मत नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी दहा हजारांवर लोकांवरचे सत्तावीस अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्या वाटेनं जाणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून सरस निघाले. सगळ्यांना ते मानवतं असं नाही. त्यात वरच्या शक्तीची भाषा आहे, जिचा ज्याला वाटेल तसा अर्थ लावायची मुभा असली तरी. माळकऱ्याच्या घरातल्याला ती सोपी जाते, नास्तिकाला अडते. शिवाय त्या वर्गात बाई एकच होती, आणि ती नवऱ्यासोबत आलेली. पिणाऱ्या बायका घोडेगावातही आहेत. त्यांना नगरपर्यंत कोण सोडणार? कोविडच्या बंदीत बैठका झूमवर आल्या तेव्हा काही बायका कॅमेरा बंद ठेवून यायच्या, असं पुतण्या सांगतो. २०१९च्या सरकारी पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या दर अडतीस जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले सदतीस पुडीवर आणि नशिबावर.

सूनबाई आता पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला ऑनलाईन बसते. पूर्वी बायका ओट्यावर बसून हेच बोलायच्या, तेव्हा नवरा घरात पोचेपर्यंत कुणाकडं थांबायचं हेही तिथंच ठरायचं. ओटे बंदिस्त घरांत गेले. ती म्हणते, "तात्या, तिथल्या बायका माझं तोंड ओळखत न्हाईत म्हणून तर बोलता येतं."

आता पुतण्याच्या डोक्यात आलंय की बैठक घोडेगावातच सुरू करायची. नगरला जाणारे आसपासच्या गावांतले आणखी दोघे-तिघे त्याला भेटलेत, आणि दोन जण असले तरी पुरतं म्हणे. जागेसाठी मी सोबत गेलो. देवळाचा सभामंडप मागितला तर विश्वस्तांपैकी एक खूश झाले. "लई चांगलं काम. उद्‌घाटनाला आमदारांना बोलवू. दारू सोडलेल्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार करू. फोटो द्या, फ्लेक्स लावतो चौकात."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "फोटो नाही देता यायचा."

"मग नावं तरी द्या."

"नावंबी न्हाईत."

ते थोडे नाराज झाले. फ्लेक्सशिवाय गावात काही सुरू होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. नावं नसलेल्या लोकांना देवस्थानची जागा द्यायची म्हणजे ठराव कुणाच्या नावानं करायचा, हा त्यांचा मुद्दा खरा होता. शेवटी शाळेच्या मागची जुनी खोली मिळाली, भाडं महिन्याला दोनशे, पावती "वाचनमंडळ" या नावानं. भाडं पिशवीतून देणार, असं पुतण्यानं ठासून सांगितलं. फुकट नको म्हणाला, तेव्हा हेडमास्तरही बुचकळ्यात पडले.

वारावरून मात्र अजून भांडण चालू आहे. हेडमास्तर म्हणतात रविवार घ्या, शाळा मोकळी असते. पुतण्या शुक्रवारवर अडलाय. शुक्रवारी बाजाराचं सामान त्या खोलीत ठेवलेलं असतं, म्हशीवाल्यांच्या दाव्यांचे, खुंट्यांचे ढीग. ते हलवायला माणूस लागेल. त्यानं सांगितलं, पाच वाजता येऊन मीच हलवतो.